सही आधी, ठराव मागून

चारा छावणी, तालुका आष्टी
३ एप्रिल २०१९

भीमा,

नमस्कार लिहिला होता, तो खोडला. तू तो घेणार नाहीस. महादेवी वहिनींना मात्र माझा शरणार्थ सांग.

तुझा फोन एकदा वाजतो आणि कट होतो. व्हॉट्सॲपवरचा तुझा बैलजोडीचा फोटोही दिसेनासा झाला. केसर म्हणाली, "तुमाला बंद करून टाकलंय त्यांनी. कावून येड्यावानी लावत बसता?" बायकोने हे सांगावं आणि आपण मान खाली घालून ऐकावं, अशी वेळ आली. शेवटी ही छावणी चालवणाऱ्या आपल्या दूध संस्थेच्या कपाटातून कोरे कागद काढले. वीस वर्षं संस्थेची इतिवृत्तं मीच लिहितो, तेव्हा पत्र लिहिणं काही जड नाही. पत्ता तुझ्या मेहुण्याच्या धारूरच्या किराणा दुकानाचा घातला आहे. सिद्धलिंग सरळ माणूस आहे, पाकीट तुझ्या हातात देईल.

एक गोष्ट आधीच सांगून मोकळा होतो. तू चारा कमी मिळतो म्हणून अर्ज केलास, चौकशी झाली, तुला खोटा ठरवून चेअरमननी चार जनावरांसकट छावणीबाहेर काढलं. ह्यात माझा हात नव्हता. सह्या लोकांच्या होत्या आणि लोकांना मी काय करणार? एवढं तुला कळावं म्हणून हा कागद.

इथली हकीकत सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. उसाचं वाढं आता दिवसाआड येतं आणि येतं तेव्हा आतून गरम झालेलं असतं, मोळी सोडली की आंबूस वाफ येते. जनावरं हुंगतात आणि तोंड फिरवतात. पाण्याच्या हौदाला आतून हिरवी बुळबुळ धरली आहे. माश्या एवढ्या की भाकरी एका हाताने खायची आणि दुसऱ्या हाताने वारायचं. पण मला वीट ह्याचा आला नाही. वीट माणसांचा आला.

सकाळी शेण भरून झालं की ह्यांचा एकच विषय, भस्मगड पिच्चरचा तिसरा भाग. दाढीवाल्या नटाचं कंपनीशी वाजलं आणि आता वीरभानचं काम कुणी नवा पोरगा करणार, अशी बातमी मोबाइलवर आली. झालं, छावणीत दोन तट पडले. हौदाच्या अलीकडच्या रांगा दाढीवाल्या, पलीकडच्या पोरगावाल्या. अलीकडे म्होरक्या आश्रुबा. वय सत्तर, स्वतःचा मोबाइल नाही, दुसऱ्याच्या खांद्यावरून बघतो आणि सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो. "दाढी हाय तवर ईरभान हाय. बिनदाढीचा ईरभान म्हंजी बिनशिंगाचा बैल." पलीकडून रामहरी ओरडतो, "म्हाताऱ्या, तुझ्या दाढीवाल्याला दोघं धरून घोड्यावर बसवतेत. म्या व्हिडिओत बगितलंय."

काल रामहरीची म्हैस पाय दुमडून बसली ती उठेना. चौघांनी शेपटीला धरून उठवली. उठवता उठवता हा मनुष्य आश्रुबाला पोराच्या दंडाची मापं सांगत होता. मला शिसारी आली. म्हशीच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि ह्याला नटाच्या दंडाची काळजी.

तू असतास तर काहीतरी खवट बोलला असतास आणि मी हसलो असतो. उत्तर पाठव. नुसतं पोचलं एवढं लिहिलंस तरी चालेल.

राधाकिशन

१६ एप्रिल २०१९

भीमा,

उत्तर नाही. पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला धारूरला चार दिवसांत जातं. म्हणजे तू वाचलंस आणि गप्प बसलास. बस.

मी सगळं सोडून देणार होतो, पण मागच्या पत्रात मी सगळ्या जगाला नावं ठेवली आणि स्वतःचं नाव घेतलंच नाही, हे केसरने दाखवलं. तिने ते पत्र पाकिटात घालण्याआधी वाचलं होतं. म्हणाली, "आन् तुमी कोन्या रांगंत व्हता ते कावून लिवलं न्हाई?"

मी पहिल्या रांगेत होतो. दाढीवाल्यांच्या. आणि ठरावाची कल्पना माझीच.

तुला ठाऊक आहे मला हा पिच्चर काय आहे. पहिला भाग आपण नगरला जाऊन पाहिला, तुझ्या मोटारसायकलवर, कड्याजवळ पंक्चर झालं होतं. येताना रसवंतीवर दोन तास बसून भांडलो. तू म्हणालास, गडाचं दार ढकलताना त्याचा हात थरथरतो, तेवढंच खरं, बाकी सगळा धूर. मी त्या हाताकडे पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या वेळेला फक्त तेवढ्यासाठी गेलो. दुसऱ्या भागाच्या शेवटी तो गडात शिरला आणि दार लागलं, तेव्हा मी तिसऱ्या भागाचे बेत करायला लागलो आणि तू म्हणालास तिसरा काढूच नये. दार लागलं, गोष्ट संपली. मी तुझ्याशी आठ दिवस बोललो नाही. पंचेचाळिशीची दोन माणसं, पिच्चरवरून अबोला. घरचे हसत होते.

तर मार्चमधली गोष्ट. रोजच्या भांडणाला कंटाळून मी म्हणालो, असं ओरडून काही होत नाही, कंपनीला रीतसर ठराव पाठवू. सूचक, अनुमोदक, जावक क्रमांक घालून. सगळ्यांना पटलं. ठराव म्हटला की आपल्या माणसांच्या अंगात बळ येतं. आश्रुबा लगेच सूचक झाला, रामहरी म्हणाला मी विरोधी सूचक. मी म्हणालो, बहुमताने ठरेल ते लिहू, पण सह्या आधी घेऊन ठेवतो.

ह्यात मला काही वावगं वाटलं नाही, हे तुला खरं सांगतो. आपल्या संस्थेत वीस वर्षं असंच चालत आलं आहे. वार्षिक सभेत चहा आणि भजी फिरते, तिच्याबरोबर कोरं इतिवृत्त फिरतं. लोक एका हाताने भजं धरून दुसऱ्या हाताने सही ठोकतात. ठराव मी घरी जाऊन सावकाश लिहितो. सही आधी, ठराव मागून. वर काय येणार, हे आजपर्यंत एकाही सभासदाने विचारलेलं नाही. मला तर ती माणसांची माया वाटायची, माझ्यावरचा विश्वास.

एका सकाळीत एकशे सत्त्याऐंशी सह्या आणि अंगठे झाले. सहा कागद. दाढीवाल्यांनी केल्या, पोरगावाल्यांनीही केल्या, ज्याला त्याला वाटत होतं ठराव आपलाच होणार. बायकांनी केल्या, केसरने केली. मग मी तुझ्या दावणीला आलो.

तुझ्या हातात तुझा अर्ज होता. नियमाने मोठ्या जनावराला अठरा किलो, हातात पडतो दहा, तोही आंबलेला. तू मला म्हणालास, "मी आठ दिस झालं दावण दावण फिरतोय, अकरा सह्या झाल्यात. ह्ये म्हनतेत चेअरमनला राग येईल. आन् तुला नटासाठी सकाळच्या पारी दोनशे?" मी म्हणालो, तू करणार का नाही ते सांग. तू माझ्या हातातले कागद वर केलेस, सगळ्यांना दिसतील असे, आणि म्हणालास, "कोऱ्या कागदावर मी सही करत न्हाई बे. कुनीच करू न्हाई. जनावराच्या पोटात काडी न्हाई आन् ह्याला नवरदेव कोन करावा ह्याची पडलीय."

रांगेतले लोक हसले. आश्रुबासुद्धा हसला, ज्याच्यासाठी मी उन्हात फिरत होतो.

कागद पिशवीत घालून मी निघून आलो. पुढे त्या कागदांचं काय झालं, ते मला नीट सांगता येणार नाही. पिशवी संस्थेच्या खोलीत खुंटीला असते, तिथे चेअरमन असतात, चार माणसं येतात जातात.

राधाकिशन

५ मे २०१९

भीमा,

महादेवी वहिनींचा केसरला फोन आला होता. तुझी तांबडी गाय मांजरसुंब्याच्या घाटात टेम्पोतच गेली हे आम्हाला आत्ता कळलं. गाभण होती. वहिनी म्हणाल्या, तिला उतरवायला माणूस मिळेना म्हणून तुम्ही दोघं रस्त्याच्या कडेला चार तास बसून होतात. केसरने फोन ठेवला आणि माझं ताट वाढलं, पण तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जनावरांशी बोलते, मला ऐकू जाईल असं.

वहिनींनी आणखी एक सांगितलं. उरलेली तीन जनावरं घेऊन तू दोन छावण्यांत गेलास आणि दोन्हीकडे तुझं नाव ऐकून नाही म्हणाले. चौकशीच्या कागदावर खोटा तक्रारदार असा शेरा आहे, आणि खोटा तक्रारदार कोणत्या चेअरमनला हवा असतो? मेहुण्याच्या परसात बैल बांधलेत आणि त्याच्या दुकानातली रिकामी खोकी फाडून त्यांच्यापुढे टाकता. हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

मागच्या पत्रात खुंटीची पिशवी लिहिली, ते खोटं आहे. कागद पिशवीतून कुणी काढले नाहीत. मी काढून दिले.

तू माझं हसं केलंस त्याच आठवड्यात चेअरमन बबनरावांनी मला बोलावलं. तुझा अर्ज तहसीलला गेल्याचं त्यांना कळलं होतं. तोंडात सुपारी होती. म्हणाले, "राधाकिशन, उद्या सायब येनार. लोकांच्या सह्या घ्याया टाइम न्हाई. तुझ्याकडं हायेत म्हने." मी कागद टेबलावर ठेवले. त्यांनी मला दमही दिला नाही, लालूचही दाखवली नाही. दम दिला असता तर आज सांगायला बरं पडलं असतं. उलट मीच विचारलं, वर काय लिहू?

आणि मी लिहिलं. आम्ही खाली सह्या करणार पशुपालक लिहून देतो की, सदर छावणीत चारा व पाणी भरपूर व वेळेवर मिळत असून आमची कोणतीही तक्रार नाही. भीमाशंकर यांनी केलेला अर्ज वैयक्तिक आकसापोटी केलेला आहे. आकस हा शब्द चेअरमननी सांगितला नव्हता. तो माझा. चांगला शब्द सुचला म्हणून मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

पहिल्या पत्रात मी हात नाही म्हणालो, कारण मला वाटलं होतं साहेबांनी तुला कागद लांबून दाखवला असेल. केसर जनावरांना सांगते, वहिनी म्हणाल्या की तू तो हातात घेतला होतास, आणि वाचायच्या आधीच खाली ठेवलास. म्हणजे अक्षर बघूनच कळलं. तिसरीपासून एका बाकावर बसलो, माझं अक्षर तुला नाही कळणार तर कुणाला? तेव्हापासून तू माझी तीन पत्रं त्याच अक्षरात घेतोयस. उघडत असशील की नाही कोण जाणे. मला माझ्या अक्षराची किळस वाटायला लागली आहे.

अजून एक उरलं आहे. तू टेम्पो भरून गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी चेअरमननी आम्हाला पिच्चर दाखवला. भस्मगडचा दुसरा भाग, मोठा पडदा, भाड्याचा प्रोजेक्टर, भर दुपारी दारं लावून. कुठे दाखवला विचार. चाऱ्याच्या गोदामात. दोनशे माणसं पाय पसरून बसली, कारण गोदामात चाऱ्याची एक पेंढी नव्हती. त्या रिकाम्या जागेत बसून आम्ही शिट्ट्या मारल्या, आणि गोदाम रिकामं का, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही. दाढीवाल्याचा हात दारावर गेला तेव्हा मी तो थरथरतो का बघत होतो, आणि बाजूला तुला काही सांगायला वळलो. तिथे आश्रुबा होता.

राधाकिशन

२४ मे २०१९

भीमा,

आज मांडीवर कागद ठेवून लिहितोय म्हणून अक्षर वाकडं आहे. तुला बरंच वाटेल.

ठराव पाठवल्यापासून, म्हणजे पाठवला असं सगळ्यांना वाटतंय तेव्हापासून, लोक मला रोज विचारत होते. "कंपनीचं उत्तर आलं का हो भाऊसायब?" आश्रुबा तर हौदावर मला गाठायचाच. मी म्हणायचो, मोठी कंपनी आहे, वेळ लागतो. परवा त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघेना. मी म्हणालो, सगळ्यांना गोदामात बोलवा, आलंय ते वाचून दाखवतो.

मी तहसीलमधून त्या कागदाची नक्कल काढून आणली होती. लोक गोळा झाले. दाढीवाले एकीकडे, पोरगावाले दुसरीकडे, मध्ये वाट सोडून. बायका दारात. मी पहिल्या शब्दापासून वाचलं. चारा व पाणी भरपूर व वेळेवर. आकस. खाली पहिली सही आश्रुबाचा अंगठा, दुसरी रामहरी. एकशे सत्त्याऐंशी नावं वाचायची होती, पण तिसाव्या नावाला थांबलो. मी सांगितलं की हे मी लिहिलं, भीमाचा अर्ज खरा होता, त्याची तांबडी ह्याच कागदाने मेली, आणि हे आपल्या सगळ्यांच्या सह्यांनी झालं.

मला वाटलं, आता कुणीतरी मला मारणार. मला ते चाललं असतं.

मग आश्रुबा म्हणाला, "म्हंजी कंपनीला काईच गेलं न्हाई?"

मी नाही म्हणालो.

"दाढीवाल्याचं कायबी न्हाई?"

"काहीच नाही."

आणि मग जो दंगा झाला, भीमा, तो तुला दाखवायला पाहिजे होता. रामहरी म्हणाला, "दोन म्हैने आमाला झुलवीत ठिवलं व्हय बे? तिकडं पोराचं नक्की झालं असतं." दाढीवाले आणि पोरगावाले जन्मात पहिल्यांदा एका बाजूला आले, आणि समोर मी. एकाने माझी पिशवी ओढली. दुसऱ्याने विचारलं, आता पाठवला तर टाइमात पोचेल का. चाऱ्याबद्दल एक शब्द नाही, तुझ्याबद्दल नाही, तांबडीबद्दल नाही. दारात साखराबाई उभी होती, ती तेवढी म्हणाली, "गाभन व्हती ना रं ती?" दंगा चालूच राहिला. सगळ्यात वाईट म्हणजे ही माणसं मला परकी वाटेनात. मार्चमध्ये मी ह्यांच्यातलाच होतो, ह्यांच्यापुढे दोन पावलं.

दुसऱ्या दिवशी नवा जबाब लिहून निघालो. चारा कमी होता, आधीच्या सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या होत्या, अर्जदार खरा आहे. ह्या वेळी मजकूर आधी लिहिला, सह्यांना जागा खाली ठेवली. तर काय सांगू. ज्यांनी वीस वर्षं वर काय आहे विचारलं नाही, त्यांनी आता प्रत्येकाने कागद हातात घेतला, बोट ठेवून वाचला, ज्याला वाचता येत नाही त्याने दुसऱ्याकडून वाचून घेतला, आणि परत दिला. "इचार करून सांगतो." "भावाला इचारतो." "ह्ये चेअरमनच्या इरोधात जातंय की." सगळा दिवस फिरलो. केसरने सही केली. तेही माझ्याशी न बोलता, कागद माझ्या हातातून ओढून. साखराबाईने अंगठा दिला.

आश्रुबा म्हणाला, "ह्याच्यात खाली एक वळ दाढीवाल्याची घाल, मंग देतो अंगठा."

मी म्हणालो, "नाही आबा. ह्या कागदावर एकच गोष्ट राहील."

तो रागाने निघून गेला. दुपारी मी रवंथ करणाऱ्या बैलाजवळ बसलो होतो, तर हा आला, शाईची डबी स्वतःच उघडली, अंगठा उठवला आणि लुगड्याच्या चिंधीला पुसत म्हणाला, "भीम्याच्या बापानं मला बैल दिलता एका साली." एवढंच बोलून परत रांगेत जाऊन भांडायला लागला.

माझ्या तीन सह्या झाल्या. तुझ्या अकरा कशा झाल्या असतील, हे मला आता कळतंय.

राधाकिशन

१२ जून २०१९

भीमा,

मृग लागून चार दिवस झाले, आभाळ कोरडंच आहे.

जबाब तहसीलला दिला. तिथल्या बाईंनी शिक्का मारून पोच दिली, तिची झेरॉक्स सोबत आहे. त्या म्हणाल्या, नुसत्या जबाबावर शेरा निघत नाही. मूळ तक्रारदाराचा नवा अर्ज हवा, आणि आधीचा कागद ज्याने लिहिला त्याची कबुली तक्रारदाराने अर्जाला जोडायला हवी. मग फेरचौकशी. शेरा निघाला की तुझ्या जनावरांना कोणतीही छावणी नाही म्हणू शकत नाही. पाऊस लांबला तर छावण्या जुलैपर्यंत राहतील असं म्हणतात. बैलांसाठी तेवढे दिवस पुष्कळ आहेत.

चेअरमननी मला छावणीतून काढलं आणि संस्थेतूनही. इतिवृत्ताची वही आता धोंडीराम लिहितो. त्याचं अक्षर वाईट आहे, संस्थेला तेच बरं. केसर आमची दोन जनावरं घेऊन उमापूरला भावाकडे गेली आहे. टेम्पोत बसताना ती महिन्याभराने माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. म्हणाली, "भीमाभावजींचं झाल्याबिगर तिकडं येऊ नका." बरोबर बोलली. मी गावात एकटाच आहे, टँकरच्या पाण्यावर.

भस्मगडची बातमी तुला कळली असेल. तिसऱ्या भागात दाढीवाला नाही आणि पोरगाही नाही. वीरभान गडात मेला असं दाखवणार आणि त्याची मुलगी दार उघडणार. छावणीत दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही म्हणे. आता मुलीचं काम कुठल्या नटीने करावं ह्यावर तट पडलेत. आश्रुबाने रस्त्यात गाठून मला सांगितलं आणि विचारलं, ठराव करायचा का. मी पंधरा मिनिटं रस्त्याच्या कडेला बसून हसलो आणि मग हसू थांबल्यावर तसाच बसून राहिलो. हसायला कुणी बरोबर नव्हतं.

तू म्हणाला होतास तिसरा भाग काढूच नये. पिच्चरचं तू बरोबर असशील. आपलं काय करायचं ते तू ठरव, मी त्यावर आता काही बोलणार नाही.

कबुलीचा मजकूर मी चार वेळा लिहिला. चारही वेळा वाचून पाहिला आणि फाडला. दर वेळी मी कुठेतरी बरा माणूस निघत होतो. एकदा चेअरमनच्या दडपणाखाली निघालो, एकदा गैरसमजातून, एकदा मित्राच्या थट्टेने दुखावलेला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या नावावर गोड मजकूर लिहून हाताला तेवढंच वळण राहिलं आहे. माझ्या हातून माझं खरं लिहून होणार नाही.

म्हणून सोबत एक कोरा कागद आहे. खाली माझी सही, पूर्ण नाव, गाव आणि तारीख. डाव्या अंगठ्याचा ठसाही उठवला आहे. वरची सगळी जागा मोकळी आहे. मी काय केलं ते तुला माहीत आहे, ते तू लिही. आकस कुणाचा होता ते लिही. तांबडीचं लिही. चोर लिहायचं असेल तर चोर लिही. फेरचौकशीत साहेबांनी विचारलं की मी म्हणेन, हो, हे माझंच आहे.

कोऱ्या कागदावर कुणीच सही करू नये, असं तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास. इथून पुढे करणार नाही. ही एवढी ठेवून घे. वर काय लिहिलंस ते मला दाखवू नकोस.

राधाकिशन